यिडिश भाषेंतील नित्याचे शब्द : त्यांचे अर्थ व त्यांचें लेखन

यिडिश ही मध्य व पूर्व युरोपांतील ज्यू लोकांची घरांत व बाजारांत बोलण्याची भाषा होय. दुसऱ्या महायुद्धापूर्वीं ती बोलणारांची संख्या एक कोटीच्या वर होती. त्या युद्धाच्या काळांत जे सुमारें साठ लक्ष ज्यू मारले गेले त्यांपैकीं बहुतेकांची ती मातृभाषा होती. आणि आज ती लहान मुलांच्या तोंडीं ऐकावयाची तर न्यूयॉर्क, जेरुसलेम, लंडन, अँटवर्प अशा शहरांतील कर्मठ हसीदी कुटुंबांकडेच बहुधा वळावें लागतें. तिच्यांत लिहिलेले कागद मात्र पुष्कळ शिल्लक आहेत. ह्या त्रैमासिकाच्या वाचकांस त्यांचें काय प्रयोजन, असें कोणी विचारील. त्यास आमचें उत्तर असें कीं, मोडी दप्तरें वाचणारास रोज जी अडचण पडते, म्हणजे एकाच ओळींत दोन-तीन कुळांचे शब्द येऊन बसलेले असतात, तीच येथें अधिक ठळकपणें दिसते. आणि शब्द कोणत्या अक्षरांनीं लिहिला आहे एवढ्यावरून त्याचें कुळ ओळखण्याची जी सोय ह्या भाषेंत आहे, तशी अन्यत्र क्वचितच आढळते. ती सोय एकदां मुद्दाम मोडण्यांत आली. तो प्रकार पुढें सांगूं.

प्रारंभींच एक गैरसमज दूर करणें इष्ट आहे. सर्व ज्यू यिडिश बोलत असें नाहीं. शनिवारीं घाणा बंद ठेवीत म्हणून ज्यांस कोंकणांत ‘शनवार तेली’ हें नांव पडलें, त्या बेने इस्राएलांची घरची भाषा मराठीच. १८७४ सालीं पुण्यास छापलेला त्यांचा वल्हांडण सणाचा ‘हग्गादा’ हा हिब्रू व मराठी असा आहे. यिडिश शब्द येथें नागरींत लिहितांना ‘ख’ हा फारशी ‘खबर’ शब्दांतल्याप्रमाणें घशांतून उच्चारावा, व ‘झ’ हा ‘माझा’ ह्यांतल्यासारखा मृदु समजावा.

ह्या भाषेचा जन्म सुमारें एक सहस्र वर्षांपूर्वीं जर्मन भाषेच्या प्रदेशांत झाला. तो ऱ्हाइनच्या कांठीं कीं डॅन्यूबच्या, ह्याविषयीं पंडितांत वाद आहे. तिचा सांगाडा जर्मन आहे. रोजच्या जिनसांचीं व अवयवांचीं नांवें, क्रियापदांचे प्रत्यय, आंकडे हे सर्व त्या थरांतले. ‘ब्रोयट’ म्हणजे पाव, ‘वासर’ म्हणजे पाणी, ‘हांट’ म्हणजे हात. हा थर आर्यभाषाकुळांतील असल्यामुळें संस्कृतज्ञास तेथें ओळखीचे चेहरे भेटतात. ‘टोखटर’ ही आपली ‘दुहितृ’, ‘ब्रुडर’ हा ‘भ्रातृ’, ‘नोमेन’ हें ‘नामन्’. आणि ‘मला ठाऊक आहे’ ह्या अर्थीं यिडिश माणूस ‘इख वेय्स’ म्हणतो, त्यांतील ‘वेय्स’ म्हणजे साक्षात् ‘अहं वेद’ ह्यांतील ‘वेद’ होय. ‘मेन्च’ हा शब्द ‘मनुष्य’ ह्याचाच दूरचा नातलग. जर्मन भाषेंत तो केवळ मानवप्राणी दाखवितो. यिडिशमध्यें त्यास ‘माणुसकी असलेला’ हा अर्थ आला, आणि मुलास ‘मेन्च हो’ असें सांगतात तेव्हां आपल्या ‘माणसासारखा वाग’ ह्यापेक्षां निराळें कांहीं सांगत नाहींत.

दुसरा थर हिब्रू व आरामी भाषांचा. धर्म, विद्या, जन्म, विवाह, मरण, आणि मनाचे बारकावे दाखविणारे पुष्कळ शब्द ह्या थरांतून आले. नवरदेव तो ‘खोस्न’, नवरी ती ‘काले’, लग्न ‘खासेने’, पोरकें मूल ‘योसेम’. जर्मन भाषेंत विधवेला जो शब्द आहे तो आपल्या ‘विधवा’ शब्दाचा सख्खा भाऊ. परंतु यिडिशनें तो घेतला नाहीं, ‘आल्मोने’ हा हिब्रू शब्दच ठेविला. तिसरा थर लहान पण जुना, लॅटिनपासून निघालेल्या भाषांचा : ‘बेन्चन’ म्हणजे आशीर्वाद देणें किंवा जेवणानंतरची प्रार्थना म्हणणें, ‘लेयेनेन’ म्हणजे वाचणें, ‘चोल्न्ट’ म्हणजे शुक्रवारीं भट्टींत ठेवून शनिवारीं ऊन ऊन खावयाचें कालवण. हे ज्यू जर्मन प्रदेशांत येण्यापूर्वीं फ्रान्स व इटलीकडे राहत होते, त्याची ही खूण. चवथा थर स्लाव भाषांचा : ‘झेयडे’ म्हणजे आजोबा, ‘बोबे’ म्हणजे आजी, ‘नेबेख’ म्हणजे ‘बिचारा’. ‘चायनिक’ म्हणजे चहाची किटली. त्यांतील ‘चाय’ व आपला ‘चहा’ दोन्ही चिनी मुळाचे. ‘हाकन अ चायनिक’ ह्याचा शब्दशः अर्थ किटली बडविणें, व्यवहारांत अर्थ व्यर्थ बडबड करून दुसऱ्याचें डोकें उठविणें.

हे थर एकमेकांवर नुसते रचलेले नाहींत, एकमेकांत मुरलेले आहेत. ‘शाबेस लेयेन्ट देर झेयडे अ बुख’, म्हणजे ‘शनिवारीं आजोबा पुस्तक वाचतात’, एवढेंसें वाक्य घ्यावें. ‘शाबेस’ हिब्रू, ‘लेयेन्ट’ लॅटिनकडून, ‘झेयडे’ स्लाव, उरलेलें जर्मन; आणि बोलणाराच्या मनांत ह्यांपैकीं एकहि शब्द परका नसतो. तथापि आजोबा जें वाचीत असत तें धर्मशास्त्राचें असेल तर त्यास ‘बुख’ म्हणतां येत नाहीं. तें ‘सेयफर’. ‘बुख’ म्हणजे कथाकादंबरी, व्यवहाराचें पुस्तक. पोथी आणि बूक ह्यांत आमच्या आजोबांच्या पिढीनें जो भेद केला तोच हा. जुन्या याद्यांत हे दोन शब्द वेगळे दिसले तर ते समानार्थी समजून एक करूं नयेत. यादी करणारानें तो भेद जाणून केलेला असतो.

एकाच शब्दांतहि दोन-तीन भाषा नांदतात. ‘मझ्ल’ म्हणजे मुळांत नक्षत्र, मग नशीब. आपण ‘ग्रह चांगले आहेत’ म्हणतों त्यासारखें. ‘मझ्ल-तोव’ हें अभिनंदन गोष्ट घडून गेल्यावर करावयाचें, ती घडावी म्हणून आधीं द्यावयाची ती शुभेच्छा नव्हे. ह्याच ‘मझ्ल’ला ‘वाईट’ अशा अर्थाचा जर्मन शब्द जोडून ‘श्लिमझ्ल’, म्हणजे करंटा, झाला असें सामान्यतः मानतात. हिब्रू ‘गानेव’ म्हणजे चोर. त्यास जर्मन प्रत्यय लावून ‘गान्वेनेन’, चोरणें. पुढें ‘उंटर’ हा जर्मन उपसर्ग लावून ‘उंटरगान्वेनेन झिख’, म्हणजे चोरपावलांनीं जवळ येणें. धातु हिब्रू, उपसर्ग व प्रत्यय जर्मन, आणि ही अर्थाची कल्पना मात्र रशियन-पोलिश क्रियापदांच्या सांच्यावर बेतलेली. व्याकरणाच्या वर्गांत उदाहरण म्हणून द्यावें असें हें क्रियापद आहे.

आतां जी गोष्ट आमच्या वाचकांस विशेष रुचेल ती सांगतों. हिब्रू व अरबी ह्या बहिणी आहेत. अरबी शब्द फारशीच्या द्वारें मराठींत आले, हिब्रू शब्द यिडिशमध्यें गेले. त्यामुळें पोलंडमधील शिंप्याच्या बोलण्यांतील कित्येक शब्दांचे चुलतभाऊ पेशवे दप्तरांत बसलेले आढळतात. तो ‘खेश्बन’ म्हणे, आपण ‘हिशेब’ म्हणतों. त्याचा ‘मोकेम’ म्हणजे गांव, ठिकाण, आपला ‘मुक्काम’. त्याचा ‘मेस’ म्हणजे प्रेत, आपली ‘मयत’. ‘केयव्हर’ ही ‘कबर’, ‘सोतन’ हा ‘सैतान’, ‘शोलेम’ हा ‘सलाम’. राजाला तो ‘मेयलेख’ म्हणतो व राज्याला ‘मेलुखे’. आपल्याकडे त्याच धातूचे ‘मालक’ व ‘मुलूख’ आहेत. अर्थ मात्र वाटेंत बदलतात. ‘ओयलेम’ हिब्रूंत जग किंवा अनंतकाळ. आपल्या ‘आलम दुनिये’तील ‘आलम’ तोच. यिडिशमध्यें ‘ओयलेम’ म्हणजे जमलेली मंडळी, नाटकाचे प्रेक्षक. ‘खोखेम’ म्हणजे शहाणा, आपला ‘हकीम’. पण स्वर जरा वांकडा केला कीं ‘खोखेम’ म्हणजे मूर्ख. मराठींत ‘मोठा शहाणाच आहेस’ म्हणतांना जें होतें तेंच. कागदावर स्वर ऐकूं येत नाहीं, म्हणून हा शब्द पत्रांत आला कीं मागचीं पुढचीं वाक्यें पाहिल्यावांचून अर्थ करूं नये.

अमंगळ गोष्ट उलट नांवानें सांगण्याची चाल तेथेंहि आहे. स्मशानभूमीला ‘जिवंतांचें घर’ अशा अर्थाचा हिब्रू शब्द आहे, ‘चांगली जागा’ असा जर्मन शब्दांचाहि प्रयोग आहे. आंधळ्या माणसास ‘सगी-नहोर’, म्हणजे ‘पुष्कळ प्रकाश असलेला’, असें आरामी नांव. आपला ‘प्रज्ञाचक्षु’ शब्द ह्याच जातीचा. बांगडी ‘वाढविणें’ हा प्रयोग ज्याला ठाऊक आहे त्याला हें निराळें समजावून सांगावयास नको. मूल गोजिरवाणें आहे असें म्हणतांच ‘केयन अयिन-होरे’, म्हणजे ‘दृष्ट न लागो’, हे शब्द जोडले जातात, आणि पत्रांतहि ते जोडलेले आढळतात.

आतां लेखनाकडे वळूं. यिडिश हिब्रू लिपींत, उजवीकडून डावीकडे, लिहितात. जर्मन व स्लाव शब्द उच्चाराप्रमाणें लिहावयाचे, आणि त्यांसाठीं ‘आलेफ’, ‘आयिन’ अशा मूळच्या व्यंजनांस स्वरांचें काम दिलेलें आहे. हिब्रू शब्द मात्र हिब्रू पोथींत जसे असतील तसेच, बहुतेक स्वर न दाखवितां, लिहावयाचे. शिवाय ‘खेस’, ‘सिन’, ‘तोफ’, ‘सोफ’ हीं अक्षरें हिब्रू-आरामी शब्दांतच यावयाचीं. तोच ध्वनि जर्मन शब्दांत असेल तर त्याला दुसरें अक्षर ठरलेलें आहे. मराठी वाक्यांत ऋ, ज्ञ किंवा ‘दुःख’ ह्यांतील विसर्ग दिसला कीं तो शब्द तत्सम आहे हें विद्यार्थी ओळखतो, तशीच ही खूण होय. लिखाणांत ‘सोफ’ दिसला कीं तो शब्द जर्मन कोशांत शोधणें व्यर्थ आहे. मात्र उच्चार बदललेला असतो : हिब्रू ‘शब्बात’ लिहावयाचें आणि ‘शाबेस’ वाचावयाचें.

ही पद्धत किती जुनी, ह्याचा पुरावा हस्तलिखितांतच आहे. सालाचा निश्चित उल्लेख असलेलें सर्वांत जुनें यिडिश वाक्य वॉर्म्स शहराच्या प्रार्थनाग्रंथांत आहे. ग्रंथ हिब्रू, लेखनकाल इ. स. १२७२. एका मोठ्या हिब्रू शब्दाच्या पोकळ अक्षरांच्या पोटांत लेखकानें बारीक अक्षरांत दोन यमकबद्ध चरण लिहून, हा जड ग्रंथ प्रार्थनामंदिरांत वाहून नेणारास आशीर्वाद दिला आहे. चरण जर्मन, पण ‘प्रार्थनाग्रंथ’ व ‘मंदिर’ ह्यांचे शब्द हिब्रू, आणि हिब्रू पद्धतीनेंच लिहिलेले. म्हणजे सातशें वर्षांपूर्वींच थर जुळलेले होते. १९३८ सालीं वॉर्म्सचें मंदिर जाळण्यांत आलें. तेथील नगर-दप्तराचा अधिकारी फ्रीडरिख इलर्ट ह्यानें हा ग्रंथ वांचविला, आणि १९५७ सालीं तो जेरुसलेमच्या राष्ट्रीय ग्रंथालयांत पोंचला.

छपाईंतहि भेद पाळीत. पवित्र हिब्रू मजकूर चौकोनी टाईपांत. यिडिश मजकूर निराळ्या, हाताच्या वळणाच्या टाईपांत. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत ही चाल टिकली. आपल्याकडे पोथी बाळबोधांत आणि व्यवहार मोडींत, हें ज्यानें पाहिलें आहे त्याला ह्यांत नवल वाटणार नाहीं. हिब्रूस ते ‘लोश्न-कोयदेश’, पवित्र वाणी, म्हणत. यिडिशला ‘मामे-लोश्न’, आईची वाणी. त्या ‘मामे-लोश्न’ शब्दांतील ‘लोश्न’ मात्र हिब्रूच.

अशी ही व्यवस्था १९२० च्या सुमारास सोव्हिएट राज्यांत बदलण्यांत आली. हिब्रू शब्दहि उच्चाराप्रमाणें लिहावे असें ठरलें. त्या पक्षाचें म्हणणें सर्वस्वीं टाकाऊ नव्हतें. मजुराच्या मुलानें हिब्रू पाठशाळेंत न जातां वर्तमानपत्र वाचावें हा त्यांत एक हेतु होता. दुसरा हेतु धर्माशीं असलेला धागा तोडण्याचा होता, आणि तो लपविलेलाहि नव्हता. परिणाम एका शब्दावरून पाहावा. ‘एमेस’ म्हणजे सत्य. परंपरेनें तो आलेफ, मेम, सोफ ह्या तीन अक्षरांनीं लिहितात. हीं हिब्रू वर्णमालेचीं पहिलें, मधलें व शेवटचें अक्षर, आणि ह्यावरून सत्य आदि-मध्य-अंतीं एकच असतें असें जुने शास्त्री सांगत आले. मॉस्कोच्या यिडिश वर्तमानपत्राचें नांव ‘देर एमेस’ असेंच होतें, परंतु मथळ्यावर तें नव्या पद्धतीनें, आयिन, मेम, आयिन, सामेख असें छापीत. उच्चार तोच, अर्थ तोच. पण ह्या लेखनावरून त्या शब्दाचें मूळ कोणास शोधून काढतां येणार नाहीं. तें वर्तमानपत्र १९३८ सालीं बंद झालें. १२ ऑगस्ट १९५२ रोजीं मॉस्कोंत ज्या तेरा जणांस गोळ्या घातल्या, त्यांत पेरेट्स मार्किश, दोविद बेर्गेलसन, लेयब क्वित्को हे ह्या भाषेचे नामांकित लेखक होते. नव्या पद्धतीनें लिहिल्यानें त्यांचें रक्षण झालें नाहीं.

शिवछत्रपतींच्या आज्ञेनें झालेल्या राजव्यवहारकोशाची येथें कोणास आठवण होईल. परंतु तेथें फारशी शब्दाऐवजीं संस्कृत शब्द सुचविला. येथें शब्द तोच ठेवून त्याचा जन्माचा दाखला पुसला. दोन्ही गोष्टी एक नव्हेत.

विल्ना येथें १९२५ सालीं स्थापन झालेल्या ‘यिवो’ ह्या संशोधनसंस्थेनें १९३७ च्या आपल्या लेखननियमांत हिब्रू शब्दांचें परंपरागत लेखनच कायम केलें. ह्या संस्थेचे ‘झामलर’, म्हणजे संग्राहक, गांवोगांव होते. शाळामास्तर, दुकानदार, विद्यार्थी अशीं सामान्य माणसें म्हणी, शब्द, जुनीं पत्रें, हस्तपत्रकें गोळा करून विल्न्यास धाडीत. १९४१ सालीं जर्मनांनीं तें शहर घेतल्यावर संस्थेचे संग्रह निवडून कांहीं जर्मनीस पाठविण्याचें व उरलेले नष्ट करण्याचें काम ज्यू कैद्यांकडूनच करून घेतलें. आव्रोम सुट्स्केवेर व श्मेर्के काचेर्गिन्स्की हे कवि त्या कैद्यांत होते. त्यांनीं व त्यांच्या सोबत्यांनीं कागद कपड्यांखालीं लपवून वस्तींत नेले व पुरून ठेविले. पुढें सोव्हिएट अमलांतहि ते धोक्यांत आले, तेव्हां आंतानास उल्पिस ह्या लिथुआनियन ग्रंथपालानें ते एका जुन्या चर्चमध्यें दडविले. वॉर्सा येथें इतिहासकार इमानुएल रिंगेलब्लुम ह्यानें जमविलेलें दप्तर पत्र्याच्या पेट्यांत व दुधाच्या कॅनांत पुरलें होतें. एक भाग १९४६ सालीं सांपडला, दुसरा १९५० सालीं. तिसरा आजवर सांपडलेला नाहीं. त्या मंडळाचें गुप्त नांव ‘ओयनेग शाबेस’. नित्याच्या बोलण्यांत त्याचा अर्थ शनिवारीं चार मंडळींनीं जमून फराळ करावा, गावें, गप्पा माराव्या. मंडळाच्या बैठकी शनिवारीं भरत म्हणून हें नांव घेतलें.

इतक्या कष्टानें राहिलेले कागद छापतांना त्यांचें लेखन एकाच नियमांत बसविण्याची हौस पुष्कळ संपादकांस होते. आमच्या मतें ती आवरली पाहिजे. कोणी ‘एमेस’ कसा लिहितो ह्यावरून तो कोणत्या शाळेंत शिकला, सीमेच्या कोणत्या बाजूस राहत होता, आणि केव्हां लिहीत होता, ह्याचा अंदाज येतो. अक्षरें ‘शुद्ध’ केलीं कीं हा पुरावा कायमचा जातो. मराठींत १९६२ च्या नियमांनीं अनुच्चारित अनुस्वार गेले. आम्ही जुन्या वळणाचे असल्यामुळें ते सोडले नाहींत, पण नव्यांशीं भांडतहि नाहीं. नवीन पुस्तकास नवीन नियम लावावे. जुन्या कागदाची नक्कल त्याच्या चुकांसकट करावी.

शेवटीं कालनिर्णयाविषयीं. पत्राच्या माथ्यावर बहुधा वार आणि त्या आठवड्यांत मंदिरांत वाचावयाच्या धर्मग्रंथ-भागाचें नांव असतें. वर्ष हिब्रू अक्षरांकांनीं देतात व त्यांतील पांच हजार गाळतात, ह्यास ‘लहान गणना’ म्हणतात. ह्या आंकड्यांत १२४० मिळविले असतां इसवी सन येतो. वर्ष आश्विनाच्या सुमारास सुरू होत असल्यानें तेथपासून डिसेंबरअखेरपर्यंत १२३९ मिळवावे. नोव्हेंबर १६१९ मध्यें प्राग येथून व्हिएन्यास धाडलेला, पण पोंचलाच नाहीं असा खाजगी पत्रांचा एक जुडगा व्हिएन्याच्या सरकारी दप्तरांत सांपडून १९११ सालीं छापला गेला. त्या दिवसांचें वर्ष लहान गणनेनें ३८० होतें. हिब्रूंत शंभरास ‘मेआ’ व हजारास ‘एलेफ’. आपल्या शुहूर सनांतील ‘मया’ व ‘अलफ’ हेच ते.

नांवापुढील संक्षेपांकडेहि लक्ष असावें. आपण ‘चि.’ व ‘कै.’ लिहितों तसेच ते आहेत. ‘नून-यूद’ हीं दोन अक्षरें म्हणजे ‘त्याचा दीप तेवत राहो’. तो मनुष्य पत्र लिहितेवेळीं जिवंत. ‘झायिन-लामेद’ म्हणजे ‘त्याचें स्मरण मंगल असो’, तो मृत. ह्यावरून तारीख नसलेल्या कागदाचा काळ पुष्कळदां ठरवितां येतो. तिसरा संक्षेप ‘हेय-यूद-दालेद’, म्हणजे ‘ईश्वर त्याच्या रक्ताचा सूड घेवो’. हा जुना आहे, पूर्वींच्या कत्तलींत मारल्या गेलेल्यांच्या नांवांपुढेंहि येतो. परंतु १९४५ नंतर छापलेल्या गांवोगांवच्या स्मरणग्रंथांत तो पानोपानीं आढळतो. तो दिसला म्हणजे मनुष्य मेला कसा हें शोधावें लागत नाहीं. कोणत्या सालीं व कोठें, एवढेंच पाहावयाचें राहतें.